कोरी बाटली

कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत खिडकीशी सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांत लाकूड शिजवून उरलेलं काळं पाणी. पाचांत संशोधक बाईंनी पोसलेले जिवाणू. त्यांनी ती घाण खायची आणि व्हॅनिलाच्या वासाचं, कामाचं रसायन द्यायचं, असा बेत. सहावीत काहीच घातलेलं नाही. ती तुलनेपुरती, कोरी.

नव्या खेपेत बाई जुन्या बाटलीतलं चमचाभर घालत. टाकीवाले काका त्याला विरजण म्हणत.

"अकरावी खेप, बाई! विरजण लावताय की आमच्या उत्साहावर घालताय?"

बाई हसल्या नाहीत. महिनाअखेर जमलं नाही तर काम गुंडाळायचं, आणि काळं पाणी नदीत जातच राहणार. खालच्या वस्तीत बाईंची धाकटी बहीण नदीचं तेच पाणी गाळून, उकळून पीत होती.

बाराव्या खेपेला पाणी निवळलं. कोऱ्या बाटलीतलं.

पाच काळ्याकुट्ट, सहावी आरपार, आणि खोलीभर गोड वास. बाईंनी कपाळावर हात मारला. माझ्याच हातून काही मिसळलं असणार! त्यांनी बाटली बदलली, पाणी उकळून भरलं, जागा बदलली, झाकणाला मेण लावलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला. काही हललं नाही. त्यांनी कारखान्याच्या साहेबांना बोलावलं.

"साहेब, हिच्यात जिवंत काहीच नाही."

"पाणी स्वच्छ झालं ना?"

"झालं. पण कशानं? काही नसतं म्हणून तर ती कोरी!"

"मग ते 'काही नाही'च ओता की टाकीत."

चार दिवस बाई हेच समजावत राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "ओता, काका."

संध्याकाळपर्यंत पाण्यातून टाकीचा तळ दिसू लागला. रात्री ते नदीत सोडलं.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"ताई, काय जादू केलीस गं! पाणी नुसतं काच. सगळे पोटभर प्यायले."

बाईंचे डोळे भरून आले.

"फक्त भूक फार लागतेय. सकाळपासून तीनदा जेवले, तरी पोट रितंच. इथं सगळ्यांचं तसंच."

"ताप? उलटी?"

"छे गं."

फोनमधून करकर ऐकू येत होती. मधेच थांबे, पुन्हा सुरू होई.

"तू काय चावतेयस?"

करकर थांबली.

"चमचा," बहीण म्हणाली. "तो ढवळायचा, लाकडी. संपत आलाय गं."