मालुबाईचा डोह

१९३८ सालच्या चैत्रात नागुबाई आपल्या थोरल्या भावाला, जोतिबाला, घेऊन म्हादईच्या रानात शिरली ती एकाच इराद्याने. थोरल्या जावेचा, मालुबाईचा, डोह शोधायचा आणि साफ रिकामा करायचा!

जांबोटीच्या पलीकडे त्यांची वाडी होती. एके काळी वाडीखालच्या नदीत पोरंसुद्धा हातांनी मासे धरत. मग लोंढ्याला रेल्वेत माशांच्या करंड्या चढू लागल्या, आणि लोक गेळफळं ठेचून पाण्यात सोडू लागले. त्या रसाने मासे झिंगून वर येतात, लहानमोठे सगळेच. पाच उन्हाळ्यांत खालचे सातही डोह मेले. उरले ते बेडूक.

मालुबाई मात्र दरवर्षी लक्ष्मीच्या यात्रेला दोन खडस मासे आणायचीच. हातभर लांब, सोनेरी खवल्यांचे! सासूने मरताना वरच्या डोहाची वाट एकट्या तिच्या कानात सांगितली होती. यात्रेचे पाहुणे तिच्या दारात घोळका करून मासे बघत, आणि नागुबाईच्या पोटात निखारा पडे. सासूला पंधरा वर्षं कालवण रांधून घातलं ते हिने, आणि गुपित मात्र तिला!

पहाटे मालुबाई निघाली तशी ही दोघं अंतर राखून मागे लागली. जोतिबाच्या पाठीवर ठेचलेल्या गेळफळांची गोणी होती, कमरेला दोराचं वेटोळं. कारवीच्या काटक्यांनी दंड ओरबाडले. दुपारी एका कड्याखाली जोतिबाचा धक्का लागून फांदी हलली, आणि वरचं आग्या मोहोळ उठलं!

"आडवी हो, नागू! घोंगडं घे!"

दोघं मातीला चिकटली. वरून काळा ढग घोंघावत गेला. जोतिबाचा कान सुजून वडा झाला.

"फिर मागं," तो कण्हला. "ती तुझी जाव हाय का घोरपड? ह्या कड्यावर मानूस चढतंय व्हय?"

"ती चढली न्हवं? मग मी बी चढनार. तू रडत बस खाली, आण्णा!"

वडाच्या पारंब्यांना धरून ती चढली. बोटं सोलली. एक पारंबी तुटली. दुसरी सापडली! मागोमाग जोतिबाही शिव्या देत वर आला.

कड्यामागे डोह होता. तिन्ही बाजूंनी काळे खडक, मध्ये काचेसारखं पाणी, आणि त्यात संथ फिरणारे सोनेरी मासे, जसे तिने लग्न होऊन आल्या वर्षी वाडीखालीच पाहिले होते. मालुबाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून भाकरी कुसकरत होती. मासे तिच्या हाताशी येत. ती एकेकाचं पोट अलगद चाचपे, आणि अंड्यांवरची मादी असली की सोडून देई.

मासेसुद्धा तिच्याकडेच! नागुबाईचं डोकं फिरलं. भावाच्या पाठीवरची गोणी हिसकून ती धावली. शेवाळावरून पाय सटकला. धप्प! गोणीसकट ती डोहात!

लुगडं पायांना गुंडाळलं. पाणी नाकातोंडात गेलं. कुणीतरी अंबाडा धरून ओढलं आणि खडकावर आदळलं. ती मालुबाई होती.

"गोणी कुठाय?" मालुबाई ओरडली.

गोणी तळाच्या कपारीत अडकली होती. पाण्यात हिरवट रस सुटत होता. बोटाएवढी पिल्लं कुशीवर वळू लागली.

"घाल आता मूठमाती!" मालुबाई रडू लागली. "आत्तीनं मला वाट का सांगितली, ठाव हाय? मला मासा खाववत न्हाय. वासानंच मळमळतंय. तुला सांगितली असती तर तू समदा डोह रांधला असतास!"

"मग दर सालाला दोन कशाला धरतीस?"

"यात्रेला चार मान्सं माझ्या दारात यावीत म्हनून! एरवी मला कोन इचारतंय? आत्तीनं जीव सोडला तोबी तुझ्याच कालवनाचं नाव घेत!"

नागुबाई खडकावर उठून बसली. ही आपल्यावर जळत होती? इतकी वर्षं? तेवढ्यात एक पिल्लू पांढरं पोट वर करून तिच्या पायाशी आलं.

"आण्णा, दोर टाक!"

कमरेला दोर बांधून तिने बुडी मारली. हात पोचेना. श्वास संपला. वर आली, पुन्हा गेली! या वेळी कपारीत गोणीचा कान सापडला. वरून दोघांनी दोर खेचला, आणि गोणी बाहेर आली. मग तिघांनी वरच्या अंगाचा दगडांचा बांध फोडून ओढ्याचं ताजं पाणी आत सोडलं. उन्हं कलेपर्यंत मूठभर पिल्लं गेली. बाकीचे मासे हळूहळू सरळ पोहू लागले.

मालुबाईने एकही मासा धरला नाही. "तुमी माग काढलासा, उद्या गाव काढंल," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर नागुबाईने उत्तर ठरवून ठेवलं: डोह आटला म्हणून सांगायचं.

यात्रेत पाहुण्यांनी रिकाम्या टोपल्या पाहिल्या. नागुबाईने तोंड उघडण्याआधीच मालुबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "वाघ बसलाय बाबांनो त्या वाटेवर! जीव वाचला ह्येच लई झालं. आता तिकडं कुनी पाऊल टाकू नगा!"

झालं! सगळी यात्रा मालुबाईच्या दारात. वाघ केवढा, मिशा केवढ्या, डरकाळी कशी! आटलेल्या डोहाला कोण विचारतो? नागुबाईच्या पोटातला निखारा पुन्हा फुलला. पदर खोचून ती घोळक्यात घुसली.

"एक कुठला गं, आक्का?" ती कडाडली. "दोन व्हते दोन! दुसरा माझ्या अंगावर आलता!"