पुढच्या महिन्याची सही

"'माझी सुट्टी' सोडून काहीही सुचवा!" चष्मिष ओरडली.

शाळेच्या वर्तमानपत्राची ती संपादक. परवा अंक द्यायचा होता आणि पहिलं पान कोरं! जिन्यात बसलेला तिचा धाकटा भाऊ टिंगू आणि शेजारचा बडबड्या विषय सुचवून थकले होते.

"मांजरांवर लिहू?"

"मागच्या अंकात तेच होतं!"

चष्मिषला एका जागी बसवेना. ती लिफ्टमध्ये शिरली, उगाचच वर गेली, खाली आली. दार उघडलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"आत या! हा तपासणीचा तक्ता बघा. महिन्यातून एकदा मेकॅनिक सही करतो ना? मग पुढच्या दोन महिन्यांच्या सह्या आत्ताच कशा?"

तिघं धावले ते थेट इमारतीच्या सेक्रेटरीकाकांकडे.

"चुकून केल्या असतील," काकांनी मोबाइलमधून मानही वर काढली नाही. "उद्या येतोय तो. जा, खेळा!"

"खेळतोच आता!" बडबड्या पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिंगूने गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीच्या दारावर, दार आणि चौकटीमधल्या फटीवर, कागदाची बारीक पट्टी चिकटवली. दहा वाजता मेकॅनिक आला, लिफ्टने वर-खाली गेला, चहा प्यायला आणि निघाला.

चष्मिष वही घेऊन आडवी आली. "काका, आमच्या वर्तमानपत्रासाठी मुलाखत द्या ना!" सेक्रेटरीकाकांनाही तिने हाताला धरून आणलं होतं.

मेकॅनिक खुलला. "विचार की!"

"आज काय काय केलंत?"

"मशीनच्या खोलीत गेलो, दोर तपासले, तेल घातलं..."

"नक्की? दार उघडून आत गेलात?"

"मग काय, भिंतीतून जाणार?"

"पण दारावरची आमची पट्टी तर तशीच आहे!" टिंगू किंचाळला.

मेकॅनिकचा चेहरा उतरला. सेक्रेटरीकाका जिने चढू लागले. पट्टी खरंच शाबूत होती! त्यांनी कुलूप काढलं. आत लिफ्टच्या लोखंडी दोराच्या तारा जागोजागी तुटून काट्यांसारख्या वर आल्या होत्या.

काकांनी घाईघाईने लिफ्टचं बटण बंद केलं. "माझी आई दिवसातून चारदा जाते यातून," ते कसंबसं म्हणाले.

संध्याकाळी नवा दोर बसवायला दुसरी माणसं आली. सगळी इमारत मुलांच्या पाठीवर थाप मारून गेली. जुना मेकॅनिक मात्र कोपऱ्यात उभा होता. "नाव छापू नका रे," तो हळूच म्हणाला. "कंपनीने दहा इमारती माझ्या एकट्याकडे दिल्यात. वर चढायचा कंटाळा केला, चुकलंच माझं."

"दहा?" चष्मिषने पेन चावलं. "नाव नाही छापणार. पण दहा इमारती आणि या सह्या, दोन्ही छापणार."

"आणि माझं नाव नक्की छापा," सेक्रेटरीकाका पुढे झाले. "तुम्ही सांगितलंत तरी मी तक्ता बघितला नाही, हेही लिहा. तुम्ही होतात म्हणून निभावलं, पोरांनो!"

चष्मिष पायरीवर बसली आणि तिने कोरं पान मांडीवर घेतलं.

"सावकाश सांगा, काका. लिहून घेते."