मॅलकीची पालथी होडी

"दार लावून घे, किरन. आणि सॉर्खा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. फर्गल हेशन माझा शाळेपासूनचा दोस्त. खोटं बोलणारा गडी नव्हता. माशाची लांबी सांगताना सोडून.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, शेवटचा शनिवार. त्याचा भाऊ मॅलकी आपल्या तळ्यात बुडून महिना होत आला होता, पण देह सापडला नव्हता. बुडालेला माणूस तळ्यात असेपर्यंत इथे कुणी गळ टाकत नाही आणि त्याची होडी काठावर पालथी राहते, हे मी तुम्हाला काय सांगू. त्यांची म्हातारी आई रोज धक्क्यावर येऊन बसायची. 'माती द्यायला तरी द्या रे त्याला,' एवढंच म्हणायची.

पण मे-माशी उडते वर्षातून दोन आठवडे. एका दिवसाचा जीव तिचा, आणि तिच्यासाठी ट्राउट मासे खुळ्यासारखे वर येतात. फर्गलला राहवेना. संध्याकाळी तो गळासाठी झुडपांत माश्या वेचत होता, तेव्हा मीच त्याला पकडलं.

'लाज सोडलीस का रे?'

'एकच मासा, ओवेन. मॅलकी असता तर माझ्याआधी तोच गेला असता.'

स्वतःची होडी आईच्या खिडकीसमोर बांधलेली. म्हणून शहाण्याने मॅलकीची सुलटी केली.

रात्रीचे दहा वाजून गेले होते, मे महिन्यातला लांबलेला उजेड आता विझत आलेला. लांब काठी, रेशमी दोरा, गळाला जिवंत माशी. वारा होडीला ढकलतो, दोराही पुढे उडवतो, आणि माशी पाण्याला टेकत टेकत जाते. वारा चांगला होता. दोरा ताणलेला होता. पण होडी जागची हलेना. मागच्या फळीवर बसून कुणी वल्ह्याने रोखून धरावी, तशी. मॅलकी तशी धरायचा.

वल्ही तर फर्गलच्या पायाशी होती.

त्याने मागे पाहिलं नाही. मागे पाणी निथळत होतं... फळीवर.

माशी गडप झाली.

'थांब,' मागून कुणी म्हणालं.

लहानपणापासून मॅलकी हेच सांगायचा. लगेच ओढू नकोस, त्याला तोंड मिटू दे.

'थांब... घेऊ दे.'

दोरा जड झाला. मासा झटके देतो. हे झटके देत नव्हतं. नुसतं... वर येत होतं.

फर्गलने दोरा कापला.

आता वल्ही मारायची, तर तोंड मागच्या फळीकडे करावं लागतं. त्याने डोळे गच्च मिटले. काठाला आपटेपर्यंत उघडले नाहीत. होडी पालथी केली आणि माझं दार ठोठावलं. दातखीळ सुटल्यावर हे सगळं मला सांगितलं. उजाडेपर्यंत माझी बाही सोडली नाही त्याने.

रविवारी सकाळी म्हातारीची हाक आली. त्या होडीपाशी, घोटाभर पाण्यात, मॅलकी होता. ती त्याच्या केसांतलं शेवाळ काढत होती. 'आलास ना,' म्हणत होती.

फर्गल जवळ येईना. मॅलकीची उजवी मूठ आवळलेली होती, ती मीच सोडवली. आत कापलेला दोरा. गळ.

गळाला माशी होती. महिनाभर पाण्यात राहिलेल्या त्या मुठीत...

पंख कोरडे होते, पोरांनो. आणि हलत होते."