माइक काढलेला फोन

तुम्ही माझ्या बहिणीचा फोन ऐकत होतात. नाकारू नका. नाकारायला तुमच्याकडे पगारी माणसं आहेत, त्यांचं काम त्यांना करू द्या. आणि ऐकलंत याची तक्रारही मी करत नाही. दुसऱ्याच्या भिंतीला कान लावण्यात तुमचा हात कोण धरणार? माझी तक्रार वेगळी आहे. ऐकायला तुम्ही कोणाला बसवलंत, ते मला कळलंय. त्याचा जाब मला हवा आहे.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे पुढे 'गैरसमज झाला' म्हणायला तुम्हाला जागा उरणार नाही.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आठ फूट बाय दहा. पुढे काचेचा काउंटर, मागे माझं टेबल: हॉट एअर गन, चिमटे, भिंग, स्क्रू ठेवायला चुंबकाची पट्टी. छताला पंखा नाही, पंख्याचा हूकसुद्धा नाही. एक टेबलफॅन आहे, तो सोल्डरिंग करताना बंद ठेवावा लागतो. हे पंख्याचं नीट लक्षात ठेवा. मी नववीत शाळा सोडली. फोन उघडायला शिकलो तो फोन मोडून मोडून. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सर्किट तुटलेलं असतं किंवा जोडलेलं असतं, एवढंच मला ठाऊक.

सोमवारी दुपारी ताई दुकानात आली. पर्समधून फोन काढून तिने काउंटरवर ठेवला, उलटा.

"तापतो," ती म्हणाली.

"उन्हात ठेवू नकोस."

"पर्समध्ये असतो, ठोकळ्या."

ठोकळ्या म्हणजे मी. लहानपणी मी दिसेल ती वस्तू ठोकून बघायचो, म्हणून बाबांनी पाडलेलं नाव. डोक्यावरचे केस गेले, पण ताईच्या तोंडून हे नाव काही जात नाही.

ताई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. एका वस्तीतल्या पाण्याचे नमुने तिने नापास केले होते. कागद वरच्या मजल्यावर जाईपर्यंत ते पास झाले. पुढच्या महिन्यात त्या वस्तीत नऊ जण दगावले, त्यातली पाच मुलं. गुरुवारी चौकशी समितीपुढे ताईची साक्ष होती. तिच्या शब्दाला आधार एकाच माणसाचा होता, तिथल्या पंपवाल्याचा. नियम असा की प्रत्येक नमुन्याची दुसरी बाटली सील करून, सही घेऊन पंपावर ठेवायची. तो नियम पाळणारा बहुधा हा एकटाच असावा. बाटल्या घेऊन तो एका ठिकाणी लपला होता. ते ठिकाण तिघांनाच माहीत होतं: त्याला, ताईला आणि मला. गुरुवारच्या आधी तो सापडला असता तर बाटल्या गेल्या असत्या, ताई खोटी ठरली असती, आणि त्या माणसाचं काय झालं असतं ते मी सांगत नाही. तुम्हाला जास्त माहीत.

"काल त्याच्या बायकोला फोन केला," ताई म्हणाली. "घरी सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत ना, एवढंच विचारलं. तासाभरात तिच्या दारात दोन माणसं. म्हणे, सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत ना?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

मी फोन सरळ केला. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. माइक चालू असला की तो ठिपका लागतो. कॉल चालू नव्हता, कुठलं ॲप उघडं नव्हतं. मी फोन माझ्या दुकानाच्या वायफायवर घेतला आणि लॅपटॉपवर त्याची ये-जा बघत बसलो. दर सात मिनिटांनी फोनमधून काहीतरी बाहेर जात होतं. थोडंसंच, पण घड्याळ लावल्यासारखं. शोधता शोधता नाव नसलेलं, चित्र नसलेलं एक ॲप सापडलं. त्याला माइक, कॅमेरा, संपर्क, सगळ्याची परवानगी होती.

"तू दिलीस?"

"मी तुला कधी दुसऱ्या चहाची परवानगी दिली नाही, ह्याला कशाला देईन?"

मी फोन पूर्ण पुसला, कंपनीतून आला तसा कोरा केला. सिम बदललं. ताई निश्चिंत होऊन घरी गेली.

मंगळवारी दुपारी ती परत आली. ठिपका लागलेला होता.

या वेळी पाठवायच्या रांगेत अडकलेल्या आवाजाच्या फाइल मला सापडल्या. एक लावली. ताईच्या स्वयंपाकघरातलं नळाचं पाणी, तिची चप्पल, तिचा मुलगा काहीतरी मागतोय. साधं घर. फक्त फाइलच्या सुरुवातीला नखाने दोनदा टकटक केल्याचा आवाज होता.

मी त्याकडे लक्ष दिलं नाही. माइक तपासताना मी तसंच करतो, नखाने दोनदा टकटक. ही सवय बाबांची. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्टिंगच्या टेबलावर एकतीस वर्षं होते. घरचा फोन उचलला तरी आधी नखाने दोनदा टकटक, मग बोलणं. मला वाटलं, हा माझाच आवाज असेल.

पण ती फाइल ताईच्या घरातली होती. हे मला दुकान बंद करताना सुचलं.

बुधवारी सकाळी मी मनाशी ठरवलं: न रहेगा बांस वगैरे दुसऱ्यांच्या म्हणी, आपलं साधं, मुळावरच घाव. फोनची पाठ उघडली. खालचा माइक उचलला, वरचा उचलला. स्पीकरचासुद्धा माइक करता येतो, म्हणून कानाचा स्पीकर आणि खालचा स्पीकरही काढला. काढलेला प्रत्येक भाग मी छोट्या पिशवीत घालतो, वर तारीख लिहितो. गिऱ्हाइकाला दाखवायची रीत आहे. चार पिशव्या ताईपुढे मांडल्या.

"हे त्याचे कान," मी म्हटलं. "आता हा ठार बहिरा."

"नक्की?"

"याच्यापुढे ढोल वाजव."

दुरुस्तीवाल्याची चूक ती हीच. सुटा केलेला भाग टेबलावर दिसला की त्यातला जीव गेला असं तो धरून चालतो. आता उद्या पंपवाल्याला किती वाजता घ्यायचं, ते ठरवायचं उरलं होतं. ताईला हे कागदावरच ठरवायचं होतं, तिने पेनही काढलं होतं. मी पेन बाजूला सारलं. फुशारकी, दुसरं काय. त्या उघड्या फोनवर वाकलो आणि त्याच्या तोंडावर, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, त्या ठिकाणाचं नाव घेतलं.

ताईचा हात माझ्या मनगटावर आला.

कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला होता.

सात मिनिटं वाट बघितली. मी वायफाय बंद केलं होतं, सिम काढून ठेवलं होतं, तरी रांगेत एक फाइल तयार झाली. मी तिची नक्कल लॅपटॉपवर घेतली. हेडफोनचं एक टोक ताईने कानात घातलं, एक मी.

नखाने दोनदा टकटक.

मग एक खोली. माझं दुकान नव्हे. मोठी, उंच छताची, रिकामी खोली. आवाज तिथे पडून परत येत होता. वर पंखा फिरत होता आणि दर फेऱ्याला एक बारीक कट् होत होतं. कट्. कट्. लाकडी खुर्ची कुरकुरली. कोणीतरी नाकाने सावकाश श्वास घेत होतं, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा, अडकत अडकत.

आणि त्या खोलीत, लांबून, एखाद्या कर्ण्यातून यावा तसा माझा आवाज आला. 'हे त्याचे कान.' ताईचा, 'नक्की?' माझा, 'ढोल वाजव.'

पुढे काय येणार ते मला माहीत होतं. माझा आवाज म्हणाला, 'पंपवाला उद्या सकाळी...'

आणि खोलीतला माणूस खोकला.

एक मोठा, दोन बारीक.

नाव खोकल्याखाली गेलं. एक अक्षर ऐकू आलं नाही.

ताईने कानातलं टोक काढलं आणि मुठीत धरून ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली.

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. मृत्यूचा दाखला माझ्या कपाटात आहे, तुमच्याच शिक्क्याचा.

खोकला तिने ओळखला. आम्ही दोघं त्याच खोकल्याच्या आवाजात वाढलो. पण त्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. तो बाबांनी फक्त मला सांगितला होता, दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात.

"वरून हुकूम यायचा," बाबा म्हणाले होते. "अमुक नंबर ऐका. टेप लागलेली असायची, मी हेडफोन घालून बसायचो. घर चालवायचं होतं, ठोकळ्या, ऐकलं मी. पण माणूस कुठे लपलाय ते बोलणाऱ्याच्या ओठावर आलं, की मी खोकायचो. माझा माइक मी उघडा ठेवायचो, मुद्दाम. टेपवर खोकलाच जायचा."

"कोणाला कळलं नाही?"

"दम्याचं सर्टिफिकेट जोडलेलं होतं मी," असं म्हणून ते हसले. "दमा नव्हता मला."

ताईला मी हे दुकानात उभ्या उभ्या सांगितलं. ती रडली नाही. तिने हेडफोन परत कानात घातला.

"पुढे लाव. संपलेली नाही फाइल."

पुढे काही वेळ नुसता पंखा होता.

मग दार उघडलं.

बुटांचे आवाज. दोन जणांचे. घाई नाही.

एक आवाज आला. शांत, आदबशीर, खिडकीवर अर्ज परत करताना तुमची माणसं वापरतात तो.

"किती वेळा खोकणार, काका?"

"उठा."

खुर्ची कुरकुरली. हेडफोन लाकडावर ठेवल्याचा आवाज. मग पाय ओढत चालल्याचा आवाज, उजवा जरा जास्त. बाबांचा उजवा गुडघा शेवटपर्यंत बरा झाला नाही.

दार बंद झालं.

पंखा थांबला.

गुरुवारी त्या ठिकाणी कोणीही आलं नव्हतं. पंपवाला बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसला आणि सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलला: "खड्डे चुकवा, काच आहे." समितीपुढे सील फोडले गेले. ताई साक्षीत एकदाही अडखळली नाही. बाहेर आल्यावर पंपवाल्याने तिचे आभार मानले, तर ती म्हणाली, माझे नका मानू. कोणाचे, ते तिने सांगितलं नाही. त्याला काय सांगणार?

त्या गुरुवारला आज चौदा दिवस झाले.

फोन माझ्या टेबलावर आहे. बॅटरी काढून बाजूला ठेवली आहे, पाचव्या पिशवीत, तारीख घालून. कोपऱ्यातला हिरवा ठिपका तरीही लागलेलाच आहे. दररोज दुपारी मी दोन वायर लावून फोनला वीज देतो. दररोज एक नवी फाइल असते. बारा दिवस त्यांत काही नव्हतं. बंद खोली. मी इथून नखाने दोनदा टकटक करून बघितलं, रोज. उलट काही आलं नाही.

परवा पंखा सुरू झाला. कट्. कट्. खुर्चीत कोणीतरी बसलं. टकटक झाली नाही.

काल मी आणि ताई ऐकत होतो. चार मिनिटं पंखा, आणि मग खोकला. एक मोठा, दोन बारीक. अगदी तोच. मी फोनकडे वाकलो, तोंड उघडलं.

ताईने माझ्या तोंडावर हात ठेवला. पेन काढून तिने पिशवीच्या मागे लिहिलं:

'तू काही बोललाच नव्हतास. मग ते काय झाकत होते?'

खाली आणखी एक ओळ:

'हे बाबा नाहीत. बाबांचा खोकला कोणीतरी पाठ केलाय.'

आम्ही पुन्हा ऐकलं. खोकल्यानंतर फाइलमध्ये कोणीही श्वास घेत नाही. पुढचा सगळा वेळ कोणीतरी फक्त वाट बघतंय.

म्हणून हे सगळं मी लिहून काढलं, आणि आता त्या उघड्या फोनवर वाकून मोठ्याने वाचतोय. लपलेल्या कोणाचंही नाव यात नाही, कुठलंही ठिकाण नाही. शोधत बसू नका. ठिपका लागलेला आहे. तुम्ही ऐकताय. एकतीस वर्षं तुम्ही त्या माणसाला ऐकायला बसवलंत, मेल्यावरही उठू दिलं नाहीत, आणि त्याने पुन्हा एकदा एक जीव वाचवला तेव्हाच काय ते 'उठा' म्हणालात.

खोकू नका. सरळ उत्तर द्या.

माझ्या वडिलांना कुठे नेलंत?