टोपली की सीट

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रजनी देशकरला लेकीनं, संपदानं, पुण्याहून एकच अट घातली: दिवाळीपर्यंत आपल्या बळावर बाजारात जाऊन दाखव, नाहीतर भोपाळचं घर बंद करून इकडे ये. संपदाचा फ्लॅट उत्तम होता. त्याच्या बाराव्या मजल्यावरून समोरचा बारावा मजला दिसायचा.

म्हणून सदुसष्टाव्या वर्षी रजनी न्यू मार्केटजवळच्या एका सायकलच्या दुकानापुढे तीनचाकी सायकलवर बसली. पहिल्याच वळणावर मागचं एक चाक हवेत उचललं गेलं. कुणीतरी हँडल धरलं.

“कलू नका. तोल सांभाळायचं काम आता चाकांचं. तुम्ही नुसतं हँडल वळवा.”

“जन्मभर सायकलनं ऑफिसला गेलेय मी!”

“म्हणून तर. दोन चाकांची सवय असलेलेच तीनवर पडतात. मी पडलोय.”

तो भालचंद्र मुंगी. मूळ ग्वाल्हेरचा, भूमितीचा निवृत्त मास्तर, विधुर, रजनीसारखाच एकटा. स्वतःची तीनचाकी विकायला आला होता. ती रजनीला चालली असती, पण तिची दांडी उंच. रजनीचा पाय वर जाईना.

भोपाळचा मराठी पुरुष दुसऱ्या वाक्याला कुठल्याही बाईची ‘ताई’ करून टाकतो. ह्यानं निरोप घेतानाही केली नाही. रजनीच्या ते लक्षात राहिलं... उगाचच.

मग दुपारी दोघं दुकानात भेटू लागले. दांडी खाली वाकलेली हवी. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत. रजनी राहायची त्या शिवाजी नगरचा चढ-उतार बघता लॉक होणारा ब्रेक हवा. लग्नाच्या वेळी स्थळाची इतकी चौकशी दोघांच्याही घरी झाली नव्हती.

“तुमची का विकलीत?” तिनं एकदा विचारलं.

“काचबिंदू. बाजूचं दिसत नाही. फक्त समोरचं दिसतं.”

“आणि समोर काय दिसतं?”

“सध्या... तुम्ही.”

रजनीनं घंटी वाजवून पाहिली. चांगली वाजत होती. पुन्हा वाजवली.

शेवटी निळी ठरली. दुकानदारानं पाना हातात घेतला. “माताजी, पीछे टोकरी लगाऊँ या सीट?”

“टोपलीच बरी,” भालचंद्र घाईनं म्हणाला. “भाजी राहील. संपदाला फोटो पाठवा — तिची खात्री पटेल.” आणि तो नजर चुकवून ब्रेक तपासू लागला. तो ब्रेक त्यानं सकाळपासून तीनदा तपासला होता.

“दोघांचं वजन पेलेल का हो हिला?” रजनीनं विचारलं.

“पेलेल... पण संपदानं विचारलं तर?”

“पायडल मीच मारणार आहे. तसंच सांगेन.” ती दुकानदाराकडे वळली. “भैया, सीट लगाइए.”

“फिर सब्ज़ी कहाँ रखेंगी, माताजी?”

रजनीनं हातातली पिशवी भालचंद्रापुढे धरली.

“ये पकड़ के बैठेंगे.”