इतक्या लवकर दिलेलं ब्लँकेट

"हत्तींना विचारून तंबू ठोकलेत का, ड्रायव्हरसाहेब?"

तांगेनीने वर पाहिलं. कंद उकरायची काठी खांद्यावर टाकून एक मुलगी उभी होती. तिच्या वस्तीजवळची छान मोकळी जागा बघून त्याने पर्यटकांचे अकरा तंबू लावले होते – नेमके हत्तींच्या पाणवठ्याच्या वाटेवर! ते सगळे उपटता उपटता तो घामाघूम झाला आणि ती काटेरी झाडाखाली बसून पोट धरून हसत राहिली. तिचं नाव खुआना.

ही मार्चमधली गोष्ट. मग दर तीन आठवड्यांनी त्याचा ट्रक कालाहारीच्या वाळूतून डुलत येऊ लागला. पाहुण्यांना रान दाखवायचं काम खुआनाचं. ती हरणाचा माग दाखवायची, पाणी साठवणारा कंद ओळखायला लावायची. रांगेत सगळ्यांत मागे, भांडी तशीच टाकून, तांगेनी.

"तू कशाला येतोस? चारदा ऐकलंयस सगळं."

"पाचव्यांदा कळेल बहुतेक..."

मग ऑक्टोबरची खेप आली. खुआना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी ओवत बसली होती. तांगेनी शेजारी येऊन टेकला.

"मालक मला इथल्याऐवजी किनाऱ्याच्या फेऱ्या देतोय. डांबरी सडक, जास्त पगार. आज कळवायचंय."

"मग कळव की." तिने मान वर केली नाही. शेवटची गाठ मारली आणि ती माळ त्याच्या मनगटाला बांधली. "घे. दोन महिने लागले हिला."

तांगेनी मनगटाकडे बघतच राहिला. मग धावत ट्रककडे गेला आणि स्वतःचं लाल ब्लँकेट आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुला!"

खुआनाचा चेहरा उतरला. ब्लँकेट उचलून ती झोपडीमागे निघून गेली.

पलीकडे तिची चाओ आत्या बिया फोडत होती. "काय रे, इतका कंटाळलास पोरीला?"

"मी? मी तर भेट दिली, आत्या!"

"आमच्यात भेटीला भेट द्यायची ती मध्ये एखादा पावसाळा जाऊ देऊन. तोवर येणं-जाणं राहतं, बाबा. लगेच हातावर ठेवली म्हणजे फिटंफाट. तू तुझ्या वाटेने, ती तिच्या."

तांगेनी झोपडीमागे पोहोचला तेव्हा खुआना ब्लँकेटची घडी घालत होती, तिसऱ्यांदा.

"परत दे ते."

"दिलेलं मागतोस? लाज नाही वाटत?"

"नाही. मला ते द्यायला उशीर करायचाय."

तिचे हात थांबले. "किती उशीर?"

"पुढच्या पावसाळ्यापर्यंत..."

"तो तर आलाच दोन महिन्यांवर."

"मग त्याच्या पुढच्या. पण मी विसरभोळा आहे, खुआना... दरवर्षी विसरेन."

"आणि किनारा?"

"'नाही' म्हणून आत्ताच कळवतो. तिथे माझे तंबू चुकले तर हसणार कोण?"

खुआनाने ब्लँकेट झटकलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं. मग एक टोक ओढून स्वतःच्याही.

"नीट सांभाळ. माझं आहे."

"ए, वेड्यांनो!" आत्या ओरडली. "ऊन बघा केवढं! ब्लँकेट कसलं पांघरताय?"

दोघांनाही ऐकू आलं नाही.