कोपऱ्यातला सेट

दुपार कलली होती. ड्रमवाला दुकानात शिरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत कित्येक दिवसांची झोप साचली होती. रात्री हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचं आणि दिवसा आजारी बायकोचं सगळं बघायचं. तिला आवाज अजिबात सोसत नसे, त्यामुळे घरचा सराव बंद पडला होता आणि हात जड होत चालले होते. आज मेहुणी तिच्यापाशी थांबली, म्हणून तो इलेक्ट्रॉनिक ड्रम बघायला निघाला होता.

"वाजलं पाहिजे, पण घरात ऐकू येता कामा नये," तो म्हणाला.

दुकानातल्या बाई हसल्या. "म्हणजे नवरा हवा, पण घोरणारा नको. या, दाखवते."

पहिल्या सेटला रबराचे पॅड होते. काठी आपटली की मनगटातून कळ जायची आणि पायाचा दणका थेट फरशीत उतरायचा. खालचे शेजारी पहिल्याच दिवशी वर आले असते. दुसऱ्याला ताणलेली जाळी होती. आवाज जवळजवळ नाहीच. पण झांजेच्या कडेला हलकेच मारलं तर ती मुकी राहायची. दोन्हींवर आलटून पालटून वाजवताना त्याचं अंग मोडून आलं.

"आणि तो कोपऱ्यातला?"

"तो जुना आहे. एका माणसानं दुसऱ्या वाद्याच्या बदल्यात दिला. भावाचा होता म्हणे. 'घरात कुणाला झोप लागत नाही, घेऊन टाका,' एवढंच बोलला."

तो स्टुलावर बसला. हेडफोन कानांवर चढवले. त्यांना बंद खोलीसारखा कोंदट वास होता. त्यानं साधा ठेका धरला आणि चकितच झाला. काठी जाळीवरून अलगद उठत होती, झांज नुसत्या स्पर्शाला बोलत होती. किती दिवसांनी हात मोकळे झाले होते!

मग लक्षात आलं, मधूनमधून जास्तीचे ठोके पडताहेत. अगदी हलके. त्यानं न वाजवलेले. त्यानं बाईंना तसं सांगितलं.

"एका पॅडचा धक्का दुसऱ्याला लागतो कधीकधी," बाई म्हणाल्या आणि सेटला जोडलेल्या आवाजाच्या डब्याची बटणं फिरवू लागल्या.

त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या.

ठेका चालूच राहिला.

"रेकॉर्डिंग लागलंय का काही?"

"नाही हो." त्यांनी हेडफोन घेऊन कानाला लावले. चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. डब्यावरचे दिवे विझले. हेडफोन त्याच्या हातात परत देताना त्यांची बोटं गार लागली.

"अजून... वाजतंय," त्या पुटपुटल्या.

त्यानं ऐकलं. वाजवणारा चांगला होता, पण पार दमलेला. प्रत्येक ठोका किंचित मागे पडत होता, ओढून आणल्यासारखा. ठोक्यांच्या मधे धाप ऐकू येत होती. हे दमणं त्याच्या ओळखीचं होतं. पहाटेकडे शेवटच्या गाण्याला हात असेच होतात. थांबावंसं वाटतं आणि थांबता येत नाही.

घाबरायला हवं होतं. पण त्याला आधी कणव आली. बँडमध्ये एखाद्याचे हात गळाले तर शेजारचा जे म्हणतो, तेच त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"थांबा जरा... मी धरतो."

काठ्या उचलून त्यानं ठेका घेतला. त्याबरोबर पलीकडचे ठोके थांबले. कानात एक लांब सुस्कारा आला, आणि मग काही नाही.

आता मात्र तो स्टुलावरून ताडकन उठला. त्यानं हेडफोन काढून ठेवले. "नको मला हा. कुठलाच नको," म्हणत तो बाहेर पडला. बाईंनीही थांबवलं नाही.

घरी मेहुणीनं दार उघडलं. "शांत पडून आहे ती. कुणी आलं नाही, गेलं नाही," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत वळली.

तो बायकोच्या उशाशी बसला.

"मिळाले का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"नाही आवडले."

"बरं. हळू बोला हं... पलीकडच्या खोलीत ते झोपलेत."

"कोण?"

"तुमच्या ओळखीचे. मघाशी आले. फार दमले होते हो, उभंही राहवत नव्हतं. म्हणाले, 'त्यानं धरलाय आता, मी जरा पडतो.'"

पलीकडच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो उठायला गेला आणि त्याची नजर खाली वळली. त्याचा उजवा पाय फरशीवर, अगदी हलकेच, ठेका देत होता. दुकानातून निघाल्यापासून तो देतच होता की काय, त्याला आठवेना.

पाय थांबवायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.